संगणकाची चौकट आणि देवनागरी अक्षर



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी या शाळेतील मुलांच्या अनेक पिढ्यांना शुद्धलेखन शिकविले. त्यामुळे आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाच्या जुन्या चित्रपट्टिकेविषयी, म्हणजे ज्याला सर्वजण ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्या वस्तूविषयी, का बोलावे? माझे उत्तर सरळ आहे. वेलांटी कोठे बसावी, रफार कोणाच्या डोक्यावर चढावा, हे प्रश्न एके काळी फळ्यावर सुटत असत. गेल्या चाळीस वर्षांत ते या पट्टिकेवर, आणि पुढे तिच्या वारसांवर, सुटू लागले आहेत. ज्याला मराठी अक्षराची काळजी आहे त्याने हे यंत्र थोडे तरी समजून घेतले पाहिजे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला. त्याच्याबरोबर पडद्यासाठी दोन पट्टिका मिळत असत. पहिली एकरंगी, केवळ मजकुरासाठी. तिच्यावर एका ओळीत ८० आणि एकूण २५ ओळी, म्हणजे २,००० घरे असत. प्रत्येक घरासाठी स्मृतीतील दोन बाइट लागत: एक अक्षराचा क्रमांक सांगणारा, दुसरा ते ठळक की अधोरेखित हे सांगणारा. दोन हजारांची दुप्पट चार हजार. म्हणून तिला ४ किलोबाइट स्मृती पुरत असे. प्रत्येक घर ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच. अक्षरांचे २५६ आकार कारखान्यातच एका चिपमध्ये कायमचे कोरलेले असत. संगणकाने फक्त क्रमांक सांगायचा, आकार पट्टिकेने काढायचा.

दुसरी पट्टिका रंगीत. तिची स्मृती १६ किलोबाइट आणि चित्रे काढण्याची तिला मुभा. परंतु मजकुराचे घर अवघे ८ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच. या आठ ओळींत देवनागरी बसवून पाहा. वर मात्रेला व अनुस्वाराला निदान दोन ओळी हव्यात, शिरोरेघेला एक, खाली उकाराला दोन. मूळ अक्षराच्या अंगासाठी उरतात तीन. तीन ओळींत 'क्ष' काढून दाखवील असा चित्रकार मला अद्याप भेटलेला नाही. चौदा ओळींच्या घरात हाच हिशेब केला तर अंगाला नऊ ओळी मिळतात. तेवढ्यात निभावून नेता येते, परंतु तेथे आकार कोरलेले, रोमन लिपीच्या सोयीचे.

ही अडचण केवळ आपलीच नव्हती. १९८२ साली अमेरिकेत व्हान सुवन्नुकुल या थायलंडच्या तरुणाने हर्क्युलिस नावाची पट्टिका तयार केली. त्याला आपल्या प्रबंधाच्या कामासाठी थाई लिपी पडद्यावर हवी होती, आणि वरील दोन्हींपैकी एकही पट्टिका ती दाखवीना. थाई लिपी ही ब्राह्मीच्याच वंशातली. तिच्यातही स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली आणि मागेपुढे बसतात. त्याच्या पट्टिकेने ७२० गुणिले ३४८, म्हणजे २,५०,५६० ठिपके एकेक करून हाताळण्याची सोय केली आणि ६४ किलोबाइट स्मृती दिली. पुढे ती जगभर जमाखर्चाचे तक्ते आणि आलेख यांसाठी खपली. परंतु तिचे मूळ आपल्या लिपीसाठी धडपडणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या गरजेत आहे, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ठिपके हाती आले तरी देवनागरीचे काम संपत नाही. दोन प्रश्न उरतात. पहिला वेगाचा. मजकुराच्या पद्धतीत पडदाभर लिहायला चार हजार बाइट पुरतात. ठिपक्यांच्या पद्धतीत हर्क्युलिसवर तेवढ्याच पडद्याला ३१,३२० बाइट लागतात, आणि आकार काढण्याची हमाली मुख्य प्रोसेसरवर पडते. तो प्रोसेसर सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोक्यांचा. आज हा आकडा बैलगाडीसारखा वाटेल.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा, आणि तो अधिक खोल आहे. 'स्त्री' हा शब्द आपल्याला एक अक्षर म्हणून दिसतो. यंत्राला तो स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सहा संकेत म्हणून दिसतो. 'मूर्तिकार' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी 'त'नंतर उच्चारली जाते आणि त्याच्या आधी लिहिली जाते. र आधी उच्चारला जातो आणि त्याचा रफार पुढच्या 'त'वर जाऊन बसतो. उच्चाराचा क्रम एक, लेखनाचा दुसरा. रोमन लिपीसाठी बांधलेल्या यंत्राला हा भेद ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, यंत्रासाठी लिपी बदलणे. टंकलेखन यंत्र आणि खिळे यांच्या सोयीसाठी हा मार्ग आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याची सूचना केली आणि काही वर्षांत ती मागे पडली. या सुधारकांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु वाचकाच्या डोळ्याने त्या सुधारणा स्वीकारल्या नाहीत, हेही खरे आहे.

दुसरा मार्ग, लिपी शिकलेले यंत्र घडविणे. तो कानपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात धरला, आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, पुढे नेला. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी निगडित आहे. त्यातून निघाले ते जिस्ट कार्ड: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. संगणकाच्या खाचेत बसविण्याची ही पट्टिका. तिची युक्ती अशी की, लिपीचे ज्ञान पट्टिकेतच ठेवले. वर्डस्टार किंवा डीबेससारखा कार्यक्रम आपल्या समजुतीने नेहमीसारखे क्रमांक धाडीत असे. ते क्रमांक घेऊन जोडाक्षर जुळविणे, वेलांटी मागे आणणे, रफार पुढे ढकलणे, ही कामे पट्टिका करी. परदेशात रोमन लिपीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांत अशा रीतीने पगारपत्रके आणि नावांच्या याद्या देशी लिप्यांत होऊ लागल्या.

या पट्टिकेमागे एक तत्त्व होते, आणि ते पट्टिकेपेक्षा दीर्घायुषी ठरले. स्मृतीत साठवायचा तो उच्चार. आकार नंतर लिपीप्रमाणे काढायचा. ब्राह्मीच्या वंशातील भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून त्या सर्वांना संकेतही एकच. हा संकेतसमूह भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यालाच इस्की म्हणतात. त्याचा जोडीदार इन्स्क्रिप्ट कळफलक: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. लिपी बदलण्याची आज्ञा दिली की तोच मजकूर देवनागरीतून गुजरातीत दिसू लागे.

बडोद्याच्या माणसाला यात नवे काय? श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात मराठी मोडीत आणि बालबोधीत लिहिली जात होती, शेजारी गुजराती होतीच. एकाच दिवसात तीन लिप्या हाताळणारे कारकून या शहराने पाहिले आहेत. परंतु त्या कारकुनांना ठाऊक असलेली एक गोष्ट यंत्राला शिकवावी लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. बालबोधीतला मजकूर मोडीत उतरविला की तो भेद पुसला जातो. उलट दिशेने येताना तो लेखनिकाला आपल्या ज्ञानातून पुन्हा भरावा लागतो. लिपीने एकदा गिळलेले अक्षर लिपी परत देत नाही.

आता मराठीच्या मर्मस्थानी येऊ. आपल्याकडे 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द आहेत. पहिल्याला दक्षिणा द्यायची, दुसऱ्याला स्वयंपाकाची वर्दी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा दुसरा र हिंदीला लागत नाही, गुजराती लिपीत त्याला वेगळे चिन्ह नाही. इस्कीच्या कर्त्यांनी त्यासाठी 'ऱ' हा स्वतंत्र संकेत ठेवला, आणि देवनागरीपुरता इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेल्या युनिकोडमध्येही तो आला. मराठीने त्यांचे ऋण मानले पाहिजे.

आणि तरीही काय घडते? कऱ्हाडे आडनावाच्या माझ्या एका विद्यार्थ्याचे नाव एका कार्यालयाच्या यादीत गुजरातीतून देवनागरीत आले ते 'कर्हाडे' होऊन. शोध घेतला तर यंत्र म्हणे, या नावाचा मनुष्यच नाही. त्याला दोन महिने खेटे घालावे लागले. दुसरी एक गोम आहे. हा अर्धा र आज दोन रीतींनी टंकता येतो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शोधणाऱ्या यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. आजच्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. ठिपके तेहतीस पटींनी वाढले, पण या चुकीवर त्यांचा इलाज नाही. तिचा इलाज टंकणाऱ्याला मराठी येण्यात आहे.

जिस्ट कार्डाची गरज विंडोजच्या प्रसाराबरोबर सरली, कारण अक्षर काढण्याचे काम पट्टिकेकडून कार्यप्रणालीकडे गेले. मात्र १९९० च्या दशकात एक आडवळण आले. निरनिराळ्या फाँटांनी उच्चाराऐवजी आकारांनाच क्रमांक दिले, आणि तेही प्रत्येकाने आपापले. एका फाँटात लिहिलेला लेख दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रास दिसे. युनिकोड रुळल्यावर, आणि र. कृ. जोशी यांनी रेखिलेला मंगल हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचल्यावर, गाडी हळूहळू रुळावर आली. जोशी कवी आणि सुलेखनकार होते. लिपीच्या माणसाने यंत्राच्या माणसांबरोबर बसल्यावर काय साधते याचे ते उदाहरण आहे.

त्या आडवळणावर लिहिलेले पुष्कळ मराठी अद्याप तेथेच पडून आहे: प्रबंध, स्मरणिका, संस्थांचे अहवाल. निर्णयसागराने छापलेले शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक आपण आज सहज वाचतो. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचू शकत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्याचा आनंद मलाही आहे. परंतु दर्जा जाहीर झाल्याने फ्लॉपी उघडत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी दोन मागणी आहेत. आपल्यापैकी अनेकजण संगणकाच्या व्यवसायात आहेत. शाळेच्या त्या दशकातील स्मरणिका आणि अहवाल ज्यांच्याकडे जुन्या फाँटांत असतील, त्यांनी ते युनिकोडमध्ये आणावेत, मूळ छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावेत, आणि एक छापील प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यावी. दुसरे, शाळेच्या नोंदवहीतील नावे संगणकावर चढविली जात असतील तेथे मराठी नीट जाणणारा एक तरी मनुष्य शेजारी बसवावा. ताडून पाहण्याच्या कामाला मी येईन. डोळे अजून बरे आहेत.