किंग फेलिक्सचं काय करायचं? सिएटल मॅरिनर्स आणि हॉल ऑफ फेमचा दरवाजा

लोकलमध्ये लटकत असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासता घासता ऐकत असाल, तुमचं स्वागत. आजचा विषय आहे बेसबॉल. थांबा, थांबा, लगेच पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका! बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. कारण आजचा प्रश्न तुम्ही कट्ट्यावर क्रिकेटबद्दल शंभर वेळा भांडून झालेला आहे. खेळाडू जबरदस्त, पण टीम भंगार. मग त्याला महान म्हणायचं की नाही?

आधी थोडी ओळख करून देतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे, 1939 पासून. जे खेळाडू तिथे निवडले जातात, त्यांच्या चेहऱ्याची ब्राँझची पाटी भिंतीवर लागते. निवड कोण करतं? बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. किमान 10 वर्षं संघटनेचे सदस्य असलेले. नियम असे: खेळाडू किमान 10 हंगाम खेळलेला हवा, आणि निवृत्तीला 5 वर्षं झालेली हवीत. एका पत्रकाराला जास्तीत जास्त 10 नावांवर टिक करता येते. 75 टक्के मतं मिळाली की तुम्ही आत. 5 टक्क्यांच्या खाली गेलात की यादीतून कायमचे बाहेर. आणि मधे कुठेतरी लटकलात, तर 10 वर्षं वाट बघता येते. त्यानंतर पत्रकारांचा दरवाजा बंद.

आता टीम. मी आज घेतलीये सिएटल मॅरिनर्स. सिएटल म्हटलं की आपल्याला मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉन आठवतं. कुणाचा चुलतभाऊ तिथे असतो, कुणाची वहिनी. त्याच शहराची ही टीम, 1977 साली सुरू झालेली. आणि गेमर्स, तुमच्यासाठी खास: मारिओवाली निन्टेंडो 1992 ते 2016 या टीमची मुख्य मालक होती. मेजर लीगमध्ये एकूण 30 टीम आहेत. त्यातली वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, आजवर एकदाही न खेळलेली एकच टीम आहे. हीच. जिंकणं सोडा, तिथे पोचलेलीच नाही.

आता मजा बघा. अशा टीममधून हॉल ऑफ फेममध्ये कोण कोण गेलंय?

केन ग्रिफी ज्युनिअर. 630 होमरन. होमरन म्हणजे आपला सिक्सर समजा, फक्त त्याहून बराच दुर्मीळ. ग्रिफीची गोष्ट फिल्मी आहे. त्याचे वडीलही मोठे खेळाडू, आणि 1990 मध्ये बाप-लेक एकाच वेळी मॅरिनर्सकडून खेळले. एका सामन्यात तर दोघांनी लागोपाठ होमरन मारले! आधी बाबांनी, मग लगेच मुलाने. 2016 मध्ये ग्रिफीला 440 पैकी 437 मतं मिळाली.

मग इचिरो सुझुकी. जपानमध्ये 1,278 हिट मारून 2001 मध्ये सिएटलला आला, तेव्हा वय 27. लोक म्हणाले, बारीक आहे, टिकणार नाही. पहिल्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि सर्वोत्तम खेळाडूसुद्धा. पुढे सलग 10 हंगाम प्रत्येकी 200 हून जास्त हिट. 2004 मध्ये एका हंगामात 262, हा विक्रम अजून तसाच आहे. अमेरिकेत एकूण 3,089. जानेवारी 2025 मध्ये 394 पैकी 393 मतं. एकाच पत्रकाराने टिक केली नाही. तो एक कोण, यावर इंटरनेटवर काय दंगा झाला!

उंचपुरा पिचर रँडी जॉन्सनही यातलाच, 2015 मध्ये निवडला गेलेला. कूपर्सटाउनच्या पाटीवर त्याच्या टोपीवर दुसऱ्या टीमचं चिन्ह आहे, पण तो नावारूपाला आला सिएटलमध्ये.

या तिघांबद्दल वाद नव्हताच. पहिल्याच वर्षी थेट आत. खरी गोष्ट सुरू होते चौथ्यापासून.

एडगर मार्टिनेझ. आख्खं करिअर सिएटलमध्ये, 1987 ते 2004. पण बहुतेक वर्षं तो होता 'डेझिग्नेटेड हिटर'. म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करायची, फिल्डिंगला उतरायचंच नाही. आयपीएलमध्ये 2023 पासून 'इम्पॅक्ट प्लेअर' आलाय ना, त्याच घराण्यातला प्रकार. आणि त्यावर जशी आपल्याकडे नाकं मुरडली जातात, तशीच तिकडेही. "अर्धाच खेळ खेळतो," असं म्हणायचे.

2010 मध्ये एडगरचं नाव पहिल्यांदा मतपत्रिकेवर आलं. 36.2 टक्के. पुढची तीन वर्षं तिथेच घुटमळला. 2014 मध्ये आणखी खाली, 25.2. संपलं, असंच सगळ्यांना वाटलं. मग 2016 मध्ये 43.4. त्यानंतर 58.6. त्यानंतर 70.4. आणि 2019 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीत, 85.4. आत!

आता मला सांगा, 2014 ते 2019 मध्ये एडगरने काय केलं? काही नाही. तो 2004 मध्येच निवृत्त झाला होता. एक हिट वाढला नाही, एक कमी झाला नाही. बदलले ते मत देणारे. दर वेळी बॅटिंगला आल्यावर माणूस आउट न होता बेसवर किती वेळा पोचतो, या आकड्याकडे पत्रकार जास्त गांभीर्याने बघू लागले. एडगरचा तो आकडा .418. म्हणजे 100 पैकी जवळजवळ 42 वेळा. हा आकडा पहिल्या वर्षीही समोर होताच की!

आणि 2019 च्याच यादीत होता न्यूयॉर्क यँकीजचा मारिआनो रिव्हेरा. त्याला 100 टक्के मतं. इतिहासात पत्रकारांनी एकमताने निवडलेला एकमेव खेळाडू. हा रिव्हेरा एडगरसमोर आला की काय व्हायचं? 19 अ‍ॅट-बॅटमध्ये एडगरने त्याला 11 हिट मारले. ज्याच्याबद्दल एकाचंही दुमत नाही, त्याला झोडपणारा माणूस 10 वर्षं दाराबाहेर उभा होता.

हे लक्षात ठेवा. कारण आता येतो आजचा मुख्य माणूस.

फेलिक्स हर्नांडेझ. व्हेनेझुएलाचा. 2005 मध्ये 19 वर्षांचा असताना मॅरिनर्सकडून पहिला सामना. पिचर, म्हणजे आपला बोलर समजा. लोक त्याला 'किंग फेलिक्स' म्हणायचे. तो खेळायचा त्या दिवशी स्टेडियमचा एक कोपरा पिवळ्या टीशर्टांनी भरून जायचा, त्याचं नाव 'किंग्ज कोर्ट', म्हणजे राजाचा दरबार. 15 ऑगस्ट 2012 ला टँपा बे विरुद्ध त्याने 'परफेक्ट गेम' टाकला. 27 बॅटर आले, 27 परत गेले. एकही जण बेसवर पोचला नाही. दीडशे वर्षांच्या खेळात असे सामने तोवर फक्त 23, त्यातला 23 वा हा. आणि त्या दिवशी मॅरिनर्सनी किती रन केले? एक. 1-0.

हा स्कोअर म्हणजेच फेलिक्सचं आयुष्य.

झालंय असं की, बेसबॉलमध्ये पिचरच्या नावावर 'विजय' आणि 'पराभव' लागतात. पण विजय मिळवायला आपल्या टीमने रन करायला हवेत. आणि त्या लीगमध्ये पिचर स्वतः बॅटिंग करतच नाही, कारण त्याच्या जागी एडगरसारखा डेझिग्नेटेड हिटर असतो. म्हणजे फेलिक्सने कितीही जीव काढला, तरी रन दुसऱ्यांनीच करायचे. 2010 चा हंगाम बघा. मॅरिनर्स 162 पैकी 101 सामने हरले. वर्षभरात रन केले 513, त्या वर्षी 30 टीममध्ये सगळ्यात कमी. फेलिक्सने मात्र दर 9 इनिंगला सरासरी 2.27 रन दिले, लीगमध्ये सगळ्यात कमी. आणि त्याच्या नावावर काय लागलं? 13 विजय, 12 पराभव.

त्याच वर्षी यँकीजच्या सीसी सबाथियाचे 21 विजय होते. दरवर्षी सर्वोत्तम पिचरला साय यंग पुरस्कार मिळतो आणि तोही पत्रकारच देतात. जुना हिशोब असता, तर 21 वाल्याला मिळाला असता. पण पत्रकारांनी तो दिला फेलिक्सला, 28 पैकी 21 पहिल्या पसंतीची मतं देऊन. टीमच्या नालायकीची शिक्षा पिचरला देणार नाही, असंच जणू त्यांनी सांगितलं.

आता पुढे या, जानेवारी 2025. हॉल ऑफ फेमची मतपत्रिका. फेलिक्स आणि सबाथिया, दोघांचीही पहिलीच वेळ. सबाथियाला 86.8 टक्के, थेट आत. फेलिक्सला 20.6.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. सबाथिया 19 हंगाम खेळला. 251 विजय, 3,093 स्ट्राइकआउट, 2009 ची वर्ल्ड सिरीजही जिंकली. फेलिक्सचे 169 विजय, 2,524 स्ट्राइकआउट. तिशी आली आणि त्याच्या बॉलमधला जोर ओसरला. शेवटची वर्षं बघवत नव्हती. 2019 च्या शेवटच्या हंगामात 1 विजय, 8 पराभव. वय फक्त 33. दीर्घकाळ टिकणं हेही कौशल्य आहे, आणि ते सबाथियाकडे होतं. ज्यांनी फेलिक्सला मत दिलं नाही, ते काही वेडे नाहीत.

पण मग सँडी कोफॅक्सचं काय? डॉजर्सचा हा पिचर दुखऱ्या कोपरामुळे तिशीतच थांबला. त्याचे विजय 165, फेलिक्सपेक्षा 4 कमी. तरी 1972 मध्ये तो पहिल्याच वर्षी आत गेला. कोफॅक्सची शिखरं जास्त उंच होती, मान्य. तीन साय यंग पुरस्कार होते. पण वर्ल्ड सिरीजही होत्या, जिथे आख्ख्या देशाने त्याला बघितलं. फेलिक्सला तशी रात्र एकदाही मिळाली नाही. 15 हंगाम, 419 सामने, आणि प्लेऑफमध्ये टाकलेला एकही बॉल नाही. 2001 नंतर मॅरिनर्स प्लेऑफला पोचले थेट 2022 मध्ये. फेलिक्सचं आख्खं करिअर त्या दुष्काळात बसतं. आणि 2013 मध्ये त्याने याच टीमसोबत 7 वर्षांचा नवा करार केला, तेव्हा पत्रकार परिषदेत रडला होता. आनंदाने!

माझं मत विचाराल तर, मी टिक केली असती. 2009 ते 2014 या काळात जगातल्या सगळ्यात चांगल्या पिचरांची नावं घ्यायला सांगितली, तर त्याचं नाव पहिल्या काहींत येणारच. हॉल ऑफ फेम 'कोण किती दिवस हजर होता' एवढंच मोजत असेल, तर ते हजेरीपुस्तक झालं. आणि 'कुणाची टीम किती जिंकली' हे मोजत असेल, तर ग्रिफी आणि इचिरो तरी कसे आत? वर्ल्ड सिरीज त्यांनीही खेळली नाही. बॅटरला आपण ती सूट देतो, पिचरला मात्र 'विजय' नावाच्या रकान्यात पकडतो.

एक दरवाजा मात्र वेगळ्या कारणाने बंद आहे. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ. 1994 ते 2000 सिएटलमध्ये, पुढे टेक्सास आणि यँकीज. एकूण 696 होमरन. पण बंदी असलेली औषधं घेतल्याचं त्याने पुढे कबूल केलं, आणि 2014 चा आख्खा हंगाम निलंबित होता. त्याच्या आकड्यांना कुणीच नाव ठेवत नाही, पण त्यांवर विश्वास ठेवायचा की नाही, तिथे गाडी अडते. फेलिक्सचा प्रश्न उलटा आहे. विश्वास शंभर टक्के, आकडे थोडे कमी.

आणि उद्याचे कोण? दोन नावं लिहून ठेवा. हुलिओ रॉड्रिगेझ, 2022 चा सर्वोत्तम नवोदित. आणि कॅटचर कॅल रॅली. 2022 मध्ये 21 वर्षांचा दुष्काळ संपवणारा होमरन यानेच मारला होता. 2025 मध्ये तर त्याने 60 होमरन ठोकले! कॅटचरचा जुना विक्रम होता 48, आणि सिएटलचा होता ग्रिफीचा 56. दोन्ही गेले. पण कॅटचर म्हणजे वर्षभर उकिडवं बसायचं. गुडघे किती वर्षं साथ देतील? 10 हंगामांची अट आहे, आणि रॅलीचा 2025 हा पाचवा. 2025 च्या ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज एका सामन्यावर आली होती, टोरंटोविरुद्ध सातवा सामना, 3-4 हरले. म्हणजे निदान या पोरांना मोठी रात्र तरी मिळतेय.

डिसेंबर 2025 मध्ये मतपत्रिका पुन्हा पत्रकारांच्या टेबलावर होती. फेलिक्स एका झटक्यात 75 गाठेल असं मला वाटत नाही, पण तो गाठायची गरजही नाही. एडगरच्या पायऱ्या आठवा. आकडा वर सरकला, तर समजा लोक परत नीट बघायला लागलेत.

तर मंडळी, तुमच्या मते टिक करायची की नाही? आणि तुमच्या आवडत्या कुठल्याही खेळातला असा 'किंग फेलिक्स' कोण, हेही मला लिहून पाठवा. फक्त नाव नको, कारणासकट. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!