अवटूग्रंथीचे मांद्य आणि उतारवयातील देहभार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अंबाजोगाई येथे दिलेले व्याख्यान)



मेळाव्यात आरोग्यविषयक चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, याबद्दल मंडळाचे मनःपूर्वक आभार. विषयाची निवड मात्र आमची. या जिल्ह्यात वैद्यकव्यवसाय करीत असता एक विनंती आमच्या कानी वारंवार येते : “डॉक्टरसाहेब, थायरॉइडची गोळी नेमाने घेते, पण वजन काही उतरत नाही. गोळी जरा वाढवून द्या.” ही विनंती करणाऱ्या बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेल्या काकू, मावशी, वहिनी असतात, पुरुष थोडे. विनंती दिसावयास साधी आहे. परंतु ती मान्य केल्यास कोणते अनर्थ संभवतात, आणि न मान्य करता त्या माउलीचे वजन कसे आटोक्यात आणावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जिला आपण घरोघरी ‘थायरॉइड’ म्हणतो, तिला मराठी वैद्यकपरिभाषेत अवटू ग्रंथी असे नाव आहे. कंठमण्याच्या खालच्या बाजूस, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी अन्नातील आयोडीन घेऊन थायरॉक्सिन नावाचा रस रक्तात सोडते, आणि त्या रसाच्या मात्रेवर शरीराची भट्टी मंद जळावयाची की तेज, हे ठरते. रस कमी पडला म्हणजे थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, शौचास साफ होत नाही, आवाज घोगरा होतो, चेहरा सुजट दिसतो, नाडी मंदावते आणि वजन वाढते. मानेवरील गाठीचे, म्हणजे गलगंडाचे, वर्णन सुश्रुतसंहितेतही आहे. परंतु आज आपल्याकडे या मांद्याचे मुख्य कारण निराळे आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून आपल्या या ग्रंथीवर उलटते आणि ती हळूहळू निकामी करते. देशातील आठ शहरांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत मुंबई व गोवा यांचाही अंतर्भाव होता. ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के जणांत हा विकार आढळला, आणि स्त्रियांत तो पुरुषांहून पुष्कळ अधिक होता. शहरांचा आकडा जसाच्या तसा आपल्या वाडी-तांड्यांना लावता येणार नाही; तथापि या मंडपात बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी ती छोटी गोळी असणार, यात संशय नाही.

या गोळीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे नावाच्या तरुण वैद्याने, या विकाराने सुजून जड झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीस मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. ती बाई बरी झाली; इतकेच नव्हे, तर पुढे अठ्ठावीस वर्षे जगून १९१९ साली, ७४ व्या वर्षी, वारली. तेवढ्या अवधीत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! १९१४ च्या नाताळात अमेरिकेत केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले, १९२७ साली ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले, आणि मेंढ्या सुटल्या. परंतु मरे यांच्या शोधास काही वर्षे लोटतात न लोटतात तोच, ज्यांना हा विकार मुळीच नाही अशा स्थूल माणसांना हाच अर्क ‘बारीक होण्याचे औषध’ म्हणून दिला जाऊ लागला. ती खोड अद्याप गेलेली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या विकाराने वजन वाढते किती? पुष्कळांची समजूत अशी की, वीस-पंचवीस किलोंचा सगळा भार थायरॉइडच्या माथी मारता येतो. वस्तुस्थिती अशी की, खऱ्याखुऱ्या मांद्यातही साधारणतः दोन ते साडेचार किलो एवढीच वाढ या विकाराची म्हणता येते, आणि तीतही बराचसा भाग चरबीचा नसून शरीरात साचलेल्या पाण्याचा व क्षाराचा असतो. गोळीची योग्य मात्रा सुरू होऊन रक्ततपासणी ठीक आली की हा भाग ओसरतो. त्यापुढे जे उरते ते थायरॉइडचे नव्हे. ते ताटातले, आणि न केलेल्या श्रमाचे. हे ऐकून काही भगिनी रुष्ट होतील. परंतु ज्यास आपण रोगाचा दोष समजत होतो त्यापैकी बराच भाग आपल्या हाती आहे, ही वार्ता एका अर्थी आनंदाचीच नाही काय?

“पण वय झाले की पचलेले अन्न जळतच नाही,” असेही म्हटले जाते. याविषयी २०२१ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन लक्षात घेण्यासारखे आहे. आठ दिवसांच्या अर्भकापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६,४२१ माणसांचा रोजचा उष्मांकव्यय त्यात अभ्यासला गेला. शरीराचा बांधा हिशेबात घेतला असता विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो, आणि साठीनंतर तो दरवर्षी सुमारे पाऊण टक्क्याने घटत जातो, असे दिसून आले. म्हणजे चाळिशीत अंग सुटते त्याचा दोष भट्टीला देता येत नाही. पंचाहत्तरीला मात्र तो व्यय दहा टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. दिवसाला १,८०० उष्मांक लागत होते तेथे आता सुमारे १,६२० पुरतात. हा फरक ज्वारीच्या एका लहान भाकरीएवढा. एकच भाकरी, पण ती रोजची, हे ध्यानी घ्यावे.

मग गोळी वाढविली तर काय बिघडते? बिघडते ते असे. गरजेपेक्षा अधिक थायरॉक्सिन पोटात गेल्यास वजन थोडे उतरतेही. पण त्यासोबत स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, आणि हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो. वृद्धापकाळी हृदयाचा ताल असा अनियमित झाला की त्यात रक्ताची गुठळी धरण्याचा आणि ती मेंदूकडे जाऊन अर्धांगवायू होण्याचा संभव असतो. चार किलो कमी करण्यासाठी खुब्याचे हाड मोडून घेणे किंवा वाचा गमावणे, हा व्यवहार कोणी शहाणा माणूस करील काय? भिशीच्या बैठकीत हातोहात खपणाऱ्या ‘वजन उतरविण्याच्या’ पुड्यांविषयीही आमचे मत असेच कडक आहे. ज्या पुडीवर आतील द्रव्यांची नावे नाहीत, ती कचऱ्यात टाकावी.

उलट, सत्तरी उलटलेल्यांच्या तपासणीत आकडा किंचित वाढलेला दिसला की लगेच गोळी सुरू करण्याचीही घाई नको. ज्या टी.एस.एच. नामक आकड्यावरून निदान होते, तो वयाबरोबर स्वभावतःच थोडा चढतो. ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेल्या एका चाचणीचे फलित २०१७ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथी किंचितच मंद असलेल्या या वृद्धांना गोळी देऊनही त्यांचा थकवा वा इतर लक्षणे रिकामी गोळी घेणाऱ्यांहून कमी झाली नाहीत. आकडा बराच चढलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेथे गोळी हवीच, आणि तीही वृद्धास, विशेषतः हृदयविकार असल्यास, अगदी अल्प मात्रेपासून चढवीत न्यावी लागते.

परंतु आमच्या मते आपल्या कुटुंबांतील अधिक दुःखद गोष्ट याच्या नेमकी विरुद्ध आहे. पासष्टीची आई दिवसभर लोळत असते, तिला विसर पडतो, बोलणे मंदावले आहे, मे महिन्यातही ती पांघरूण मागते, आणि घरची माणसे म्हणतात, “वय झाले,” किंवा त्याहून वाईट म्हणजे, “अंग वाढले, आळस आला.” या विकाराची लक्षणे म्हातारपणाच्या खुणांशी इतकी मिळतीजुळती आहेत की तपासल्यावाचून भेद कळत नाही. रक्ताच्या एका तपासणीने तो कळतो. येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्या दाराशी आहे. मुलांनी आईस ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी तेथवर नेऊन आणावे.

गोळी चालू असूनही गुण येत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण आमच्या अनुभवाप्रमाणे एकच : चहा. उठल्याबरोबर दुधाचा चहा आणि त्याच घोटासरशी गोळी, असा परिपाठ घरोघर आहे. अशाने औषधाचा काही अंश शरीरात शिरतच नाही. गोळी उपाशी पोटी, केवळ पाण्याबरोबर घ्यावी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियमच्या वा लोहाच्या गोळ्या असतील तर मध्ये चार तासांचे अंतर राखावे. सकाळी हे जमत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. मात्र जी वेळ धरली ती पाळावी. केसांसाठी बायोटिन असलेल्या गोळ्या घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस त्या थांबवाव्यात, नाहीतर आकडाच फसवतो. आपल्या जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात गोळ्यांची बाटली ठेवू नये. उष्णतेने व ओलाव्याने औषध निर्बल होते. आणखी एक गोष्ट बोलावयास संकोच वाटतो, तरी बोलतो. लग्न जुळविताना दडविलेली ही गोळी काही स्त्रिया सासरी चोरून घेतात, आणि नातवंडे झाली तरी चोरूनच घेत राहतात. चोरून घेतलेल्या औषधास वेळ कोठून असणार? वधूवर-परिचयाची कामे पाहणाऱ्या आपल्या बंधूंनी यावर विचार करावा.

आता बाजरीविषयी. बाजरीने थायरॉइड होतो, सबब बाजरी वर्ज्य करावी, असा सल्ला हल्ली पुष्कळ ठिकाणी दिला जातो. त्यात तथ्य आहे ते इतकेच की, बाजरीत ग्रंथीच्या कार्यास अडथळा करणारी काही द्रव्ये आहेत, आणि सुदानच्या दार्फुर प्रांतात, जेथे आयोडीनची वाण आहे व बाजरी हेच मुख्य अन्न आहे, तेथे गलगंडाशी तिचा संबंध जोडला गेला. आपल्याकडे ज्वारी आहे, डाळी आहेत, आयोडीनयुक्त मीठ आहे. शिवाय जो थायरॉक्सिनची गोळी घेतो त्यास तो रस बाहेरूनच मिळतो. ग्रंथीला बाजरी किती अडविते, हा प्रश्न त्याच्यापुरता गौण होतो. तेव्हा हिवाळ्यात बाजरीची भाकरी खुशाल खावी. तीवरचे लोणी मोजावे. कोबी-फुलकोबीही शिजवून खाण्यास हरकत नाही. सैंधव मात्र उपवासापुरते असू द्यावे. त्यात आयोडीन घातलेले नसते. आणि आयोडीन चांगले म्हणून मीठ वाढवू नये. सगळे मिळून दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, पुरे.

उपवासाचा उल्लेख आलाच आहे. एकादशी, श्रावणी सोमवार, योगेश्वरीचे नवरात्र ही व्रते सोडा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शेंगदाण्याचे कूट १०० ग्रॅमला सुमारे ५६० उष्मांकांचे, आणि वर तूप. अशा खिचडीचे दोन वाडगे म्हणजे उपवास नव्हे, मेजवानी होय. भगर आणि ताक यांवर व्रत अधिक शोभते. एरवीच्या ताटात आपली खरी उणीव प्रथिनांची आहे. भाकरी दोन आणि डाळ पळीभर, याऐवजी भाकरी एक आणि मटकीची उसळ, पिठले वा घट्ट वरण भरपूर, असा पालट करावा. तेलाच्या एका ग्रॅमात ९ उष्मांक असतात, डाळीच्या ग्रॅमात साडेतीनच्या आसपास. म्हणून महिन्याचे तेल मोजून काढावे. आपल्या बालाघाटच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. पण फळही एका वेळी एकच खावे.

श्रमाविषयी थोडक्यात. पूर्वी जाते, आड आणि उखळ हे स्त्रियांचे व्यायाम होते. ते कष्ट परत यावेत असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्यामुळे राहणारे स्नायूही गेले. केवळ चालण्याने ते परत येत नाहीत. रोज अर्धा तास चालावेच. त्याखेरीज आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे व बसावे, भिंतीस हात लावून जोर काढावेत, पाण्याने भरलेली बाटली दोन्ही हातांनी उचलावी. गुडघे दुखत असतील तर वैद्यास विचारून. सहा महिन्यांत शरीरभाराचा वीसावा हिस्सा उतरला तरी रक्तदाब व मधुमेह यांस पुष्कळ उतार पडतो. याहून घाई करू नये, कारण उतारवयात झपाट्याने उतरणारे वजन चरबीबरोबर स्नायूही नेते. आणि प्रयत्नावाचून वजन उतरू लागले तर आनंद न मानता त्वरित तपासून घ्यावे. वजन उतरल्यावर गोळीची मात्राही कधी कमी करावी लागते. तो निर्णय रक्त पाहून वैद्याने करावयाचा.

भगिनीवर्गाकडून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीत विचारले आहे की, एखाद्या दिवशी गोळी विसरली तर काय करावे? आठवेल तेव्हा उपाशी पोटी घ्यावी, घाबरू नये. या औषधाचा अर्धा अंश रक्तातून जावयास सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने काही बिघडत नाही. दुसरी चिठ्ठी वारीविषयी आहे. नाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीस जाते, आणि पुष्कळ वृद्ध स्त्रिया तीबरोबर पायी जातात. चालण्याने भले होते म्हणून तेवढे दिवस गोळी बंद ठेवावी काय, असे त्या विचारतात. ठेवू नये. एक दिवस निभतो. तीन आठवडे निभत नाहीत. परतीपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डबीत घालून त्या पडशीच्या मध्यभागी, कपड्यांच्या घडीत ठेवाव्यात, म्हणजे पावसाने भिजणार नाहीत व उन्हाने तापणार नाहीत. आणि पहाटे, दिंडीतला चहा येण्यापूर्वी, घोटभर पाण्याबरोबर घ्याव्यात.