सुनेचा देश कोणता?

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील महिला मंडळे आणि कार्यकर्त्या यांच्या आकुर्डी येथील बैठकीत केलेले भाषण)

आजच्या बैठकीचा विषय 'स्थलांतर आणि स्त्रिया' असा ठेवला आहे. मी बोलणार म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल, मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहारमधून आपल्या वस्त्यांत आलेल्या बायकांविषयी मी बोलेन. इतकी वर्षं मी तेच काम करते आहे. पण आज मी माझ्याच घरातल्या एका बाईविषयी बोलणार आहे. माझी वहिनी जर्मन आहे.

आपल्या पट्ट्यात आता हे नवं राहिलेलं नाही. चाकण, तळेगाव, भोसरीच्या कारखान्यांतून मुलं-मुली जर्मनी, जपान, कोरियाला जातात. काही जण तिकडेच लग्न करतात आणि आई-वडील थकले की जोडीदाराला घेऊन परत येतात. माझा दादाही असाच आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दोन महिन्यांत दादा-वहिनी निगडीच्या घरी राहायला आले. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

वहिनीचं कौतुक खूप झालं. गोरी सून, साडी नेसते, पुरणपोळी लाटायला शिकली! शेजारणी बघायला यायच्या. हेच कौतुक आपल्या चाळीत नेपाळहून आलेल्या सुनेच्या वाट्याला येतं का, हे आपण स्वतःला विचारलं पाहिजे. तिच्याकडे आपण संशयानं बघतो. परदेशी सुनांमध्येही आपण रंग आणि पैसा बघूनच पायऱ्या लावतो.

वहिनी तिकडे बालवाडीत शिक्षिका होती, स्वतःचं कमवत होती. इथे ती एंट्री व्हिसावर आली. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्यामुळे भाजीच्या पैशापासून सगळं दादाकडे मागणं आलं. व्हिसाची मुदत वाढवायची तर नवऱ्याचे कागद, नवऱ्याच्या सह्या. पुढे लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली आणि तिला ओसीआय कार्ड मिळालं. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड देण्याची तरतूद नागरिकत्व कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं आली. लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. कार्डावर इथे राहता येतं, नोकरी करता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे. लग्नामुळे मिळालेलं कार्ड, लग्न कायद्यानं मोडलं तर रद्द होऊ शकतं. म्हणजे घटस्फोट झाला की बाईचा नवराही जातो आणि या देशात राहण्याचा आधारही जातो. मुलं इथली, शाळा इथली, नोकरी इथली; पण तिला नव्यानं परवानगी मागत फिरावं लागतं.

हे कलम मी वाचलेलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला एका रात्री कळला. दादा-वहिनीचं भांडण झालं. तिला महिनाभर आईकडे जायचं होतं, दादा नको म्हणत होता. बोलता बोलता तो म्हणाला, "तुझं कार्ड माझ्यामुळे आहे, हे लक्षात ठेव." त्यानं हात उगारला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. वहिनी गप्प झाली. मी स्वयंपाकघरात होते. मी सगळं ऐकलं आणि काही बोलले नाही. सकाळी तिला म्हटलं, "जाऊ दे गं, रागात बोलला. थोडं समजून घे."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी बोलले! ज्या वाक्याविरुद्ध आपण शिबिरं घेतो, तेच.

तिनं तिच्या मोडक्या मराठीत मला विचारलं, "तू बायकांचं काम करते ना? मग माझा पासपोर्ट आईंच्या कपाटात का?"

पासपोर्ट खरंच आईच्या कपाटात होता. दागिन्यांबरोबर, किल्ली आईच्या कमरेला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हरवू नये म्हणून ठेवला होता. पण वस्तीतल्या प्रत्येक बैठकीत मी सांगत आले की आपला कागद आपल्या पेटीत असावा. आणि माझ्या घरात दोन वर्षं एका बाईचा कागद दुसऱ्याच्या कुलपात होता, ते मला दिसलं नव्हतं.

मी आईकडे किल्ली मागितली. आई आधी रागावली. मग म्हणाली, "मी तरी माझ्या नावाचा कागद कधी जवळ ठेवला?" आमची आई खेड तालुक्यातली. माहेरची जमीन विकली गेली तेव्हा मामांनी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. घर बाबांच्या नावावर. निगडीत चाळीस वर्षं काढली, पण कागदावर तिचं ठिकाण म्हणजे बापाचं घर, नंतर नवऱ्याचं घर. वहिनी आठ तास विमानातून आली आणि आई तीस-पस्तीस किलोमीटरवरून आली, एवढाच फरक. नवऱ्याच्या मर्जीवरचा निवारा दोघींनाही मिळाला.

कायदा हा विचार पहिल्यापासून करत आला आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी 'स्त्रियांना' नोंदणीनं नागरिकत्व मिळे. परदेशी नवऱ्याला त्या कलमाचा फायदा नव्हता. बाईनं नवऱ्यामागे यायचं, नवऱ्यानं बायकोमागे येणं कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच नसावं. 1986 च्या दुरुस्तीत 'स्त्रिया' काढून 'व्यक्ती' शब्द आला. भारतीय आईच्या परदेशात जन्मलेल्या मुलाला आईमुळे नागरिकत्व मिळू लागलं ते 10 डिसेंबर 1992 पासून. त्याआधी ते फक्त बापाकडून येई. इथवर पावलं पुढे पडली. पण जुन्या कायद्यात 'विवाहित आहेत किंवा होत्या' असे शब्द होते, म्हणजे विधवा आणि घटस्फोटितेलाही जागा होती. 2003 च्या दुरुस्तीनंतर फक्त 'विवाहित आहे' एवढंच उरलं. आता सात वर्षं इथे राहिल्यावर अर्ज करता येतो, तोही लग्न टिकलेलं असेल तरच. आणि नागरिकत्व घ्यायचं तर मूळ देशाचं सोडावं लागतं.

आपल्या इतिहासाकडेही बघू. क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे यांनी 1936 मध्ये मेक्सिकोत जीन या बेल्जियन स्त्रीशी लग्न केलं. स्वातंत्र्यानंतर ते कुटुंबासह नागपूरला येऊन राहिले. खानखोज्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. नागपुरात येऊन संसार केलेल्या जीनबाईंचं नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं?

तुम्ही म्हणाल, गेल ऑम्व्हेट यांचं काय? गेल अमेरिकन. त्यांनी 1976 मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं, 1983 मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि 2021 मध्ये त्या गेल्या तोवर कासेगावच्याच होत्या. पण गेल नवऱ्याचं बोट धरून आल्या नव्हत्या. लग्नाआधीच त्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला इथे आल्या होत्या, मराठी शिकल्या होत्या. त्यांची भाषा, काम, माणसं त्यांची स्वतःची होती. घरात इंदुताई पाटणकरांसारखी लढाऊ सासू होती. असं बळ प्रत्येकीकडे नसतं, आणि हक्क मिळायला बाईनं गेल असावं लागू नये.

आता आपण काय करायचं, ते सांगते.

एक, अशी बाई आपल्याकडे आली तर 'तुमच्या वकिलातीत जा' म्हणून परत पाठवू नका. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 'कोणतीही स्त्री' म्हणतो, नागरिक असण्याची अट घालत नाही. राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं तिलाही मागता येतं. तिच्या वस्तू परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात; अडवून ठेवलेला पासपोर्ट त्यात जरूर मागा. जगण्याचा हक्क परदेशी स्त्रीलाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्ये एका बांगलादेशी स्त्रीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

दोन, पासपोर्ट, व्हिसा किंवा कार्ड, विवाहनोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले तिच्याच ताब्यात असावेत. प्रतींचा एक संच मैत्रिणीकडे ठेवावा.

तीन, तिला मराठी शिकवा. रिक्षावाल्याशी, डॉक्टरशी, पोलिसाशी ती नवऱ्याशिवाय बोलू शकली पाहिजे.

चार, मागणी करा. लग्न मोडलं तरी, विशेषतः मुलं असताना किंवा हिंसाचार सिद्ध झाला असताना, राहण्याचा हक्क रद्द होऊ नये. हे निवेदन आपण या बैठकीतूनच तयार करूया.

वहिनी आता तळेगावजवळच्या एका शाळेत शिकवते. पासपोर्ट तिच्या पर्समध्ये असतो. दादाशी मी बोलले. त्याला पटलं असं मी म्हणणार नाही, पण ते वाक्य त्यानं पुन्हा उच्चारलेलं नाही. आणि गेल्या महिन्यात आईनं मला जवळ बसवून विचारलं, "घराच्या कागदावर माझं नाव लावायला काय काय लागतं?"

तो अर्ज मी उद्या घेऊन जाणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना हवा असेल, त्यांनी बैठक संपल्यावर मला भेटावं.