बहिणाबाईंची गाणी : कौतुक झालं, ऐकणं राहिलं



३ डिसेंबर १९५१ ला कवयित्री बहिणाबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ पुस्तकरूपानं निघाली. सोपानदेवांनी आईची गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे हरखून गेले, प्रस्तावना लिहिली आणि आसोद्याची लेक, जळगावची सून बघता बघता साऱ्या महाराष्ट्राची झाली. अत्र्यांचे हे उपकार खानदेशानं विसरू नयेत.

पण तेव्हापासून आपल्या समीक्षेला एक सवय जडली. बहिणाबाईंचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईला हे सुचलं कसं? त्या नवलातच लेख संपतो. नाहीतर गाण्यातला एखादा विचार उचलून शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहिला जातो. रचणारी बाई बाजूलाच राहते.

तिची कारागिरी कानानंच कळते. यातली कितीतरी गाणी ओवीच्या अंगानं जातात, ओळीत आठ अक्षरं. ‘मन वढाय वढाय’ मोजून पाहा, बरोबर आठ भरतात. दळताना एका हातानं खुंटा फिरतोय, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात मूठभर दाणे पडतायत, आणि तेवढ्या दमात ओळ पुरी होऊन यमक जुळायला हवं. खोडून पुन्हा लिहायची सोय नाही. शब्द आणि चाल बरोबरच यायची. गीतकार, संगीतकार आणि गायिका तिथं एकच होती. पुस्तकात त्यातली फक्त गीतकार आली. बहिणाबाईंचा स्वतःचा आवाज आपल्यापर्यंत पोचलाच नाही.

पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात संगीतकार वसंत पवारांनी यातली काही गाणी घराघरांत नेली. मला मात्र जास्त जवळची वाटतात ती यशवंत देवांनी चाली दिलेली, उत्तरा केळकरांनी गायलेली गाणी. वाद्यं मागे राहतात, शब्द स्वच्छ ऐकू येतो, गळ्याची करामत दाखवायची घाई नाही. एकट्यानं, सावकाश ऐकावीत अशी ती गाणी आहेत. त्यांच्याबद्दलही आपण बोललो ते आशयाचंच. आवाजातल्या त्या संयमाबद्दल फार कमी बोललो.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. त्या नावाला शोभेल असं एक काम खानदेशात करण्यासारखं आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यात वर्षानुवर्षं घालवली. तसंच यावल-रावेरकडच्या लेवा बोलीतल्या आणि धुळे-साक्रीकडच्या अहिराणीतल्या ओव्या त्यांच्या मूळ चालींसह ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. बहिणाबाई ज्या गाण्यांत वाढल्या ती गाणी ऐकल्याशिवाय त्यांनी त्यात नवं काय केलं हे कुठला समीक्षक सांगणार? आणि हे काम याच वर्षी सुरू व्हावं. पिठाच्या गिरण्या येऊन जमाना झाला, आणि या चाली ज्यांना पाठ आहेत त्या आज्या आता ऐंशीच्या घरात आहेत.