नारळ नको, लिंबूही नंतर! घरामागे तलवारीचा सराव करायचा तर कापायचं काय?

(आमच्या पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा असेल तर ऐका.)

पुणे-लोणावळा लोकलमध्ये उभ्याने ऐकणाऱ्यांना, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत ऐकणाऱ्यांना, सगळ्यांना देहूरोडहून राम राम.

मर्दानी खेळावरचा मागचा भाग झाला आणि मेसेजचा पाऊस पडला. त्यातले निम्मे मेसेज एकाच अर्थाचे. "दादा, काठी फिरवता येते, आता तलवारीने काहीतरी कापून बघायचंय. घरामागे जागा आहे. नारळ चालेल का? बांबू चालेल का? मित्र हातावर लिंबू धरायला तयार आहे, चालेल का?"

उत्तरं आधी देऊन टाकतो. नारळ नाही. वाळलेला बांबू नाही. आणि मित्राच्या हातावरचं लिंबू तर अजिबात नाही. आता कारणं सांगतो, आणि मग काय चालेल तेही सांगतो. कारण नुसतं "करू नका" म्हटलं की कोणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. मीही तुमच्याच वयातून आलोय.

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण वस्तू कापतो ती ताकद दाखवायला नाही, तर आपला वार सरळ जातोय का हे तपासायला. म्हणजे ते लक्ष्य हा आपला परीक्षक आहे. परीक्षक हलका आणि मऊ असेल तर तो खरं बोलतो. कडक असेल तर तो फक्त उलटा मारतो.

कसं ते बघा. तलवार फिरते त्या दिशेत आणि धारेच्या रेघेत जरा जरी फरक पडला, तर पातं आडवं लागतं. समोर पाण्याची बाटली असेल तर ती कापली न जाता उडून पडते. बस, तेवढंच. तुम्हाला कळलं की मनगट वळलं होतं. पण समोर नारळ असेल आणि पातं आडवं लागलं, तर नारळाला काही होत नाही. तो सगळा धक्का परत पात्यात, मुठीत आणि तुमच्या मनगटात येतो. पातं वाकतं, घसरतं, नाहीतर मुठीतून निघून उडतं. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट.

मुठीतून निघतं म्हणजे काय? आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या तलवारीत पात्याचं शेपूट लोखंडी मुठीत घालून लाखेने किंवा राळेने चिकटवलेलं असतं. पन्नास-शंभर वर्षांत ती लाख सुकते, भुगा होते. त्यामुळे आजोबांची तलवार देव्हाऱ्याजवळ आहे ना, ती तिथेच राहू द्या. दसऱ्याला पुसा, पूजा करा, पण तिने काही कापू नका. आणि यात्रेत किंवा गडाखालच्या दुकानात मिळते ती शोभेची तलवार? तिचं शेपूट बऱ्याचदा बोटापेक्षा बारीक असतं, वेल्डिंग करून जोडलेलं असतं. ती भिंतीसाठी बनवलेली आहे. आपल्या पट्ट्यात वेल्डिंग करणारी माणसं घरोघरी आहेत, त्यांनाच विचारा की असा जोड झटका किती सहन करतो.

सरावाची तलवार वापरण्याआधी मूठ धरून हलवून बघा. जरा जरी खडखड आवाज आला किंवा पातं डुललं, तर त्या दिवशी काही कापायचं नाही.

आता लिंबाकडे येतो, कारण तुमच्यातल्या ऐंशी टक्के लोकांच्या डोक्यात लिंबूच आहे. साहजिक आहे. कोल्हापूरचा मर्दानी खेळ म्हटलं की दांडपट्ट्याने जमिनीवरची लिंबं कापणारा खेळाडू डोळ्यासमोर येतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तेव्हापासून तर रील्समध्ये पट्टाच पट्टा दिसतोय. आणि लिंबू काही फक्त आपल्याकडचं नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या घोडदळात भरधाव घोड्यावरून टांगलेलं लिंबू तलवारीने कापायचा खेळ होता. तंबूच्या खुंट्या उचलायच्या खेळाबरोबर तो आजही खेळला जातो.

लिंबूच का? कारण ते छोटं आहे, गोल आहे, हलकं आहे आणि कशाला बांधलेलं नाही. चुकीच्या कोनातला वार लागला की ते निसटतं. म्हणजे लिंबू दिसायला सोपं, पण परीक्षा अवघड. म्हणून आखाड्यात ते शेवटी येतं. आधी लाठी, मग फरीगदगा, म्हणजे एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्या हातात चामड्याने मढवलेली काठी, आणि नंतर पातं. माणसाच्या हातावरचं लिंबू कापणारे वस्ताद दिसतात, त्यांच्यामागे अनेक वर्षांची मेहनत असते, समोरच्याला ते नीट ओळखतात, आणि तरीसुद्धा मी तुम्हाला सांगतोय की ते घरामागे करायची गोष्ट नाही.

आमच्या गल्लीत अकरावीतला एक पोरगा आहे. मागच्या महिन्यात आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही हातावर लिंबू धरा, मी मारतो, माझा मित्र शूट करेल." मी म्हटलं, "भावा, तलवार ठेव बाजूला. लाठी घे." लिंबाच्या जाळीच्या पिशवीला दोरा बांधला, छातीच्या उंचीवर फांदीला टांगली आणि म्हटलं, वीस वार कर, फक्त लिंबाला टोक लागलं पाहिजे. त्याने केले. वीसपैकी सात लागले. मी त्याला एवढंच विचारलं, "उरलेले तेरा माझ्या हातावर कुठे लागले असते?" पोरगं गप्प. आठ दिवस रुसलं होतं माझ्यावर. आता रोज संध्याकाळी त्याच फांदीखाली लाठी घेऊन दिसतं.

हा तुमचाही पहिला टप्पा. टांगलेलं लक्ष्य आणि हातात काठी किंवा बोथट तलवार. लिंबू नको असेल तर टेनिस बॉल टांगा. आधी नेम, मग धार. आणि अठराच्या आतल्या सगळ्यांसाठी इथेच थांबायचं. धारदार पातं फक्त वस्तादांच्या समोर.

आता धारेकडे जाणाऱ्यांसाठी. घरामागे मी तीनच गोष्टी सुचवतो.

एक, पाण्याची बाटली. पातळ प्लॅस्टिकची, एक लिटरची, काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट. वजन साधारण एक किलो. अर्धी भरलेली नको, ती लगेच कलंडते. सॉफ्ट ड्रिंकची जाड बाटली नको, काचेची तर विचारच नको. वार चांगला गेला तर खालचा भाग जागेवर उभा राहतो. नंतर प्लॅस्टिकचे तुकडे वेचून कचऱ्यात टाका, गल्लीतली गुरं ते खातात.

दोन, भिजवलेल्या वर्तमानपत्राची गुंडाळी. जपानमध्ये तलवारीच्या कापणीचा सराव करतात, त्याला तामेशिगिरी म्हणतात. तिथे गवती चटईचं आवरण पाण्यात भिजवून, गुंडाळून उभं करतात. आपल्याकडे रद्दी आहे! सात-आठ कागद सैलसर गुंडाळा, सुतळीने दोन ठिकाणी बांधा, रात्रभर बादलीत ठेवा, सकाळी पाणी निथळू द्या. तार बांधायची नाही, पिन मारायची नाही, चिकटपट्टीचे थर द्यायचे नाहीत. आत काठीही घालू नका. जाड गुंडाळी म्हणजे मोठा पराक्रम असं काही नसतं.

तीन, केळीचा खुंट. घड काढल्यावर केळीचं झाड तसंही तोडतात. आत नुसते पाणीदार थर, लाकूड नाही. सत्यनारायणाला चौरंगाला बांधलेले खुंट दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जातात. पण ते उचलण्याआधी घरात विचारा. पूजेच्या खुंटावर तलवार चालवलेली आजीला आवडणार नाही, आणि तिचं म्हणणं मोडून सराव करण्यात काही अर्थ नाही. बागवाल्याकडून आणलेला खुंट बरा.

आपण कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो, त्यामुळे घरामागे बाकी बरंच काही पडलेलं असतं. पॅलेटच्या फळ्या, पीव्हीसी पाईप, टायर, स्ट्रॅपिंग पट्ट्या. यातलं काहीही नको. फळीत खिळे असतात, पाईपचे तुकडे टोकदार होऊन उडतात, टायर पातं मागे फेकतो.

लक्ष्य ठेवायचं कशावर? लाकडी स्टँडवर, खाली वाळूची गोणी. लोखंडी स्टँड नको, चुकलेला वार लोखंडावर बसला की धारेचा तुकडा पडतो. उंची कमरेपासून छातीपर्यंत. लक्ष्य कापून पुढे गेलेलं पातं कुठे थांबेल हे आधी हळू फिरवून बघा. ते तुमच्या पुढच्या गुडघ्याकडे येत असेल तर उभं राहायची पद्धत बदला. लक्ष्य कोणीही हातात धरायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही.

जागा किती? हात, पातं आणि एक पाऊल मिळून अडीच मीटर जातातच. बघणारे त्याच्या दुप्पट अंतरावर, तुमच्या मागे. समोर आणि बाजूला कोणी नाही, मोबाईल धरलेला मित्रही नाही. शूट करायचं तर फोन ट्रायपॉडवर लावा. ओली फरशी नको, चप्पल नको, बूट घाला. चाळीत किंवा पार्किंगमध्ये एवढी मोकळी जागा नसते, तर तिथे काठीच बरी.

वार झाला की लगेच दुसरा नको. थांबा आणि काप वाचा. कापलेली बाजू सपाट असेल तर धार सरळ गेली. चमच्यासारखी खोलगट असेल तर मध्येच मनगट वळलं. शेवटी फाटल्यासारखं असेल तर तुम्ही हात लवकर ओढला. लक्ष्य उडालं तर पातं आडवं लागलं. एका दिवसाला दहा-पंधरा वार पुष्कळ झाले. दुसऱ्या पाळीवरून थकून आलात, झोप झाली नाही, डोकं तापलंय, त्या दिवशी सुट्टी.

शेवटी पातं पुसा. लिंबाचा रस आणि केळीचा चीक राहिला तर गंज धरतो. कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात, आणि कुलूपबंद कपाट. कोणाला लागलंच तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि १०८ ला फोन करा. हळद भरत बसू नका.

आता जरा गंभीर बोलतो. आपल्या भागात तलवारीने केक कापला म्हणून पोरांवर गुन्हे दाखल होतात, हे तुम्ही बातम्यांत वाचता. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार त्या नियमांच्या यादीत आहे. त्यावर शहरात वेळोवेळी मनाई आदेशही निघतात. म्हणून तलवार घेण्याआधी, कुठे नेण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. वस्तादांनाही विचारा. गाडीवर उघडी तलवार, रस्त्यावर सराव, स्टेटसला फोटो, हे प्रकार बंद. देहूरोडला तर छावणी आहे, लष्कराचा डेपो आहे. तुमच्या हातात काय आहे हे लांबून बघणाऱ्याला "सराव" म्हणून दिसत नाही.

आणि हे फक्त केस होऊ नये म्हणून सांगत नाही. एका पोराच्या हाताला टाके पडले की त्या गल्लीतले दहा आईबाप आपल्या मुलामुलींना आखाड्यात पाठवणं बंद करतात. नुकसान खेळाचं होतं. म्हणून बाटली, रद्दी, खुंट. रीलमध्ये भारी दिसणार नाही, पण सहा महिन्यांनी तुमचा हात सांगेल.

पुढच्या भागात फरीगदग्याबद्दल बोलू. घरच्या घरी गदगा कसा बनवायचा तेही सांगतो. तुमच्या भागात शिकवणारे वस्ताद असतील तर मेसेजमध्ये कळवा, बाकीच्यांना उपयोग होईल. चला, माझी पहिली पाळी आहे उद्या, पाचला उठायचंय. राम राम!