महिन्याला एक पान



भिवंडीत तुमचे यंत्रमाग असतील,
तर आजची गोष्ट खास तुमच्यासाठी.

आपल्या गिऱ्हाइकांना महिन्यातून एकदा एक पान पाठवा.
व्हॉट्सॲपवर पाठवा,
नाहीतर छापून मालाबरोबर द्या.

त्यात काय लिहायचं?
गिऱ्हाइकाच्या कामाचं, ते आधी.
आपलं कौतुक नंतर, आणि थोडंच.

समजा, मागावर नवं कापड चढलंय.
मग सांगा, पन्हा किती, सूत कोणतं,
आणि ताके कधी मिळतील.

सुताचा भाव वाढला?
तेही सरळ लिहा.

सणाला कारागीर गावी जातात, माग थंडावतात.
माल उशिरा निघणार असेल, तर आधीच कळवा.
तुमच्या कापडासाठी पुढे रंगाईवाला थांबलेला असतो.

असं पान काढण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे.
१९२० साली किर्लोस्करवाडीत ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं.
लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं ते पत्र.
संपादक होते शंकरराव किर्लोस्कर.
पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं,
आणि ते मराठी घराघरांत वाचलं गेलं.
मला याचं फार अप्रूप वाटतं.
एका कारखान्याच्या पत्राची लोक वाट पाहू लागले!

तुम्हाला मासिक काढायचं नाही.
एक पान पुरे.
पण गिऱ्हाइकाच्या कामाचं, ते आधी.

अक्षर मोठं ठेवा.
कापडाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा.
खाली फोन नंबर द्या.

आणि कुणी ‘मला पाठवू नका’ म्हणालं,
तर त्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढा.