पायाखालचें लांकूड

पुण्याच्या जुन्या पेठांत एखादा वाडा उतरविला जात असतांना रस्त्यानें जाणारा मनुष्य क्षणभर थबकतो. मातीच्या ढिगाऱ्यापलीकडे तुळया, कड्या आणि फळ्या रचून ठेवलेल्या असतात. धुरानें काळवंडलेल्या आणि खिळ्यांनीं भरलेल्या त्या लांकडांकडे पाहून घरचीं मंडळी मुकादमाला सांगतात, "हें जळण एकदांचें घेऊन जा, बाबा." पुढें दोन-तीन वर्षांनीं त्याच जागीं नवी इमारत उभी राहते. तेंच कुटुंब तेथें राहावयास येतें, बैठकीच्या खोलींत लांकडी जमीन करावयाचें ठरवितें, आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतें, "सर्वांत कठीण लांकूड कोणतें?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो पहिला नव्हे. या विषयांत जी फसगत होते, ती बहुधा येथूनच सुरू होते.

कठीणपणा मोजण्याची एक सर्वमान्य रीत आहे. गॅब्रिएल यांका या संशोधकानें १९०६ सालीं ती घालून दिली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लांकडांत निम्मी रुतविण्यास किती जोर लागतो, हें तींत पाहतात. या कसोटीस सागाला सुमारें १,००० पौंडांचा जोर लागतो. अमेरिकेंतील पांढऱ्या ओकला १,३५० च्या आसपास, आणि कठीण मेपलला १,४५० च्या आसपास. म्हणजे या परीक्षेंत साग मागेंच राहतो. खुर्चीच्या पायाची खूण त्यावर अधिक लवकर उमटते, हेंही खरें. असें असूनही मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें सागाचें बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें, आणि वेळोवेळीं डागडुजी होऊन दोनशें वर्षांनंतरही तें इंग्लंडांतील हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. तेव्हां टिकाऊपणाचें मर्म नुसत्या कठीणपणांत नाहीं.

तें मर्म लांकडाच्या पाण्याशीं असलेल्या नात्यांत आहे. झाड तोडल्यावरही लांकूड हवेंतील ओल घेतें आणि सोडतें. हवेची आर्द्रता शेंकडा ५० असतां लांकडांत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारें ९ टक्के पाणी असतें. आर्द्रता ८० वर गेली कीं तें १६ टक्क्यांच्या घरांत जातें. उन्हाळा सरून पावसाळा लागला कीं महाराष्ट्रांतील घरांना हा फेरा दरवर्षीं चुकत नाहीं. त्याचा परिणाम पाटीवर मांडून पाहण्याजोगा आहे. खोलीची रुंदी १० फूट आणि प्रत्येक फळी ४ इंचांची, म्हणजे फळ्या ३०. साध्या कापाची सागाची फळी एवढ्या फरकानें शेंकडा सव्वा ते दीड इतकी रुंदावते. तीस फळ्यांची बेरीज सुमारें दीड इंच होते. पांढऱ्या ओकची बेरीज याच हिशेबानें जवळजवळ ३ इंचांवर जाते. प्रत्यक्षांत खिळे आणि फळ्यांमधील बारीक फटी यांतील पुष्कळसा भाग पचवितात. परंतु ज्या जमिनीला फुगावयास जागाच ठेवलेली नाहीं, ती श्रावणांत मध्येंच उचलली जाते. महागडें लांकूड आणून तें भिंतीपर्यंत घट्ट ठोकून घेणारा गृहस्थ पदरचे पैसे देऊन संकट विकत घेत असतो.

यासाठीं लांकडाचें नांव विचारण्याआधीं तीन प्रश्न विचारावे : वय कोणतें, काप कोणता, आणि ओल किती?

पहिला प्रश्न वयाचा. झाडाच्या पोटांतील गडद गाभा आणि सालीलगतचा फिकट भाग यांत मोठें अंतर आहे. सागाचें तेल आणि वाळवीला न रुचणारीं द्रव्यें गाभ्यांत असतात. फिकट भाग वाळवी आणि भुंगा दोघेही खुशाल पोखरतात. लागवडीचा साग कोंवळ्या वयांत तोडला तर त्यांत हा फिकट भाग अधिक निघतो. ‘बर्मा साग’ या नांवावरही निश्चिंत राहूं नये. म्यानमारनें, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशानें, १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. आणि बाजारांतील साग आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील लागवडींतूनही येतो. तेव्हां फळी दोन्हीं अंगांनीं उलटून पाहावी, आणि कडेला पिवळट पांढरा पट्टा दिसल्यास ती बाजूस काढावी.

दुसरा प्रश्न कापाचा. त्याचें उत्तर फळीच्या टोंकावर लिहिलेलें असतें. वाढीच्या रेषा तेथें उभ्या असतील तर फळी रुंदीला कमी फुगते. आडव्या असतील तर अधिक. वरच्या उदाहरणांतील दीड इंच उभ्या रेषांच्या सागांत पाऊण इंचाच्या आसपास येतो. अशा कापांत ओंडका अधिक वायां जातो, म्हणून त्याचा भावही अधिक असतो. आडव्या रेषांच्या फळीवरील डोंगरासारखी नक्षी डोळ्यांना गोड वाटते. परंतु रुंद फळी घ्यावयाची असेल तर उभ्या रेषांसाठीं दिलेला जादा पैसा सार्थकीं लागतो.

तिसरा प्रश्न ओलीचा, आणि तोच बहुधा कोणी विचारीत नाहीं. फळीच्या मधल्या भागांतून लहान तुकडा कापून तोलावा. मग १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टींत वजन उतरावयाचें थांबेपर्यंत तो सुकवून पुन्हां तोलावा. ११२ ग्रॅमचे १०० ग्रॅम झाले तर ओल १२ टक्के. वर सांगितलेल्या ९ आणि १६ यांच्या मधला हा आंकडा सोईचा. १८ किंवा २० निघाले तर दुकानदाराचा माल गोड बोलून परत करावा. ओल मोजण्याचें विजेचें लहान यंत्रही मिळतें. लांकडाइतकीच खालची जमीनही तपासावी. काँक्रीटवर प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारी कडांनीं चिकटवून एक दिवस व एक रात्र ठेवावा. खालून दंव धरलें तर घाई करूं नये. फळ्या घरीं आल्यावर मध्यें पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे त्याच खोलींत रचून ठेवाव्या, आणि बसवितांना भिंतीपाशीं सुमारें अर्ध्या इंचाची फट राखावी. वरची कडपट्टी ती झांकून टाकते.

बाजारांत तीन प्रकार समोर येतात. सबंध लांकडाची १८ ते २० मिलिमीटर जाडीची फळी अनेकदां घासून नवी करतां येते. प्लायवर लांकडाचा थर चिकटविलेली फळी ओलीनें कमी हलते. परंतु तिचें आयुष्य वरच्या थराच्या जाडीवर अवलंबून असतें, म्हणून ती जाडी बिलावर लिहून घ्यावी. तिसरा प्रकार लॅमिनेटचा. त्याच्या पृष्ठभागीं लांकडाचें केवळ छायाचित्र असतें. तें एकदां झिजलें कीं घासून उपयोग नाहीं.

आतां आरंभींच्या ढिगाऱ्याकडे पुन्हां वळावें. शंभर वर्षे छताखालीं राहिलेली सागाची तुळई तिन्ही प्रश्नांना बहुधा उत्तम उत्तर देते. ती जुन्या झाडाच्या गाभ्याची असते, पुरती वाळलेली असते, आणि जाड असल्यामुळें हवा तो काप तींतून काढतां येतो. मात्र वाड्यांतील सगळेंच लांकूड सागाचें नसतें. म्हणून जाणत्या सुताराकडून निवड करून घ्यावी. भिंतींत पुरलेलीं टोंकें ओलीनें कुजतात, तीं कापून टाकावीं. करवतीला लावण्यापूर्वीं लोहशोधक यंत्रानें एकेक खिळा काढावा. वाळवीच्या वाटा निघाल्या तर तो तुकडा मोहानें ठेवूं नये. एवढें करूनही लहान खोलीपुरत्या फळ्या निघाल्या, तर त्या नव्या फळ्यांहून सहसा उण्या ठरत नाहींत.

वाडा उतरविण्याचा करार करतांना कुटुंबें चौरस फुटांचा हिशेब बारकाईनें करतात. त्याच कागदावर "निवडक लांकूड घरमालकाकडे राहील" अशी एक ओळ घालावयास कांहींच खर्च नाहीं. ती ओळ मात्र पहिली तुळई खालीं उतरण्यापूर्वीं लिहिली गेली पाहिजे.